‘आसमंत’ म्हणजे आकाश नव्हे : शब्दाचा अर्थ आणि उगम शोधायचा कसा

आपण जिथे उभे असतो त्याच्या चहूबाजूंना जे काही पसरलेलं असतं, त्याला मराठीत नावांचा तोटा नाही. भोवताल, परिसर, आसपास, आजूबाजू, पंचक्रोशी, पर्यावरण, आसमंत. वरवर पाहता सगळे एकाच अर्थाचे, पण प्रत्येक जण वेगळ्या वाटेने मराठीत आलेला आहे. शब्दाची वाट शोधायला नव्याने शिकणाऱ्यांनी यांतला ‘आसमंत’ आधी हाती घ्यावा. त्याचा अर्थ आपल्या डोळ्यांदेखत सरकतो आहे, आणि त्याच्या उगमाची खूण शब्दाच्या अगदी शेपटाशी दडलेली आहे. हा एक शब्द नीट सोडवला की हाताला जी रीत बसते, ती बाकीच्यांना लावता येते.

त्यासाठी एक वही, दोन-तीन संध्याकाळी आणि इंटरनेट एवढं पुरे. लागणारे बहुतेक जुने कोश आता फुकट पाहता येतात. संस्कृत येत नसलं तरी चालेल, फक्त देवनागरीतली जोडाक्षरं सोडवून वाचता आली पाहिजेत.

पायरी १ : आधी वाक्यं गोळा करा

नवशिका माणूस सरळ कोश उघडतो, आणि घोळ तिथूनच सुरू होतो. कोशात पहिला दिसलेला अर्थ डोक्यात बसतो आणि मग प्रत्येक वाक्यात तोच दिसायला लागतो. म्हणून आधी पंधरा-वीस वाक्यं जमवा. वर्तमानपत्रं, कथा-कादंबऱ्या, भाषणं, निमंत्रणपत्रिका, काहीही चालेल. किमान पाच वाक्यं पन्नास वर्षांपेक्षा जुन्या छापील मजकुरातली असावीत. वहीत चार रकाने करा : वाक्य, साल, शब्दाचं नेमकं रूप, आणि तुम्हाला जाणवलेला अर्थ. तिसरा रकाना बहुतेक जण गाळतात. या शब्दाच्या बाबतीत सगळं गुपित त्याच रकान्यात आहे.

वाक्यं साधारण अशी मिळतील :

ढोल-ताशांच्या गजराने आसमंत दुमदुमून गेला.
प्राजक्ताचा सुगंध आसमंतात दरवळला.
आसमंतातल्या वाड्या-वस्त्यांवर निरोप गेला.
आसमंतात रंगीबेरंगी पतंग उडत होते.

आता रूपं मोजा. ‘आसमंताला’, ‘आसमंताने’, ‘आसमंताहून’ जवळपास सापडणार नाहीत. जिकडे तिकडे ‘आसमंतात’, त्याच्याच पोटातून निघालेलं ‘आसमंतातला’, आणि कधीमधी नुसतं ‘आसमंत’. ‘गाव’ किंवा ‘घर’ हे शब्द सगळ्या विभक्त्यांत हिंडतात. हा मात्र एकाच रूपाला चिकटून बसलेला आहे. असं दिसलं की वहीत ठळक खूण करा, आपण पुन्हा तिथेच येणार आहोत.

पायरी २ : अदलाबदल करून अर्थ पक्का करा

प्रत्येक वाक्यात ‘आसमंत’ काढून एकदा ‘भोवताल’ घाला, एकदा ‘आकाश’. वाड्या-वस्त्यांच्या वाक्यात ‘आकाश’ बसतच नाही, कारण वस्त्या आकाशात नसतात. पतंगाच्या वाक्यात ‘भोवताल’ अवघडतो, तिथे लिहिणाऱ्याच्या मनात आकाशच आहे. ढोल-ताशांच्या आणि प्राजक्ताच्या वाक्यांत मात्र दोन्ही चालतात. आवाज भोवतालीही दुमदुमतो आणि आभाळातही, वासाचंही तेच.

या दोन्हीकडे चालणाऱ्या वाक्यांना वहीत वेगळा रंग द्या. अर्थ सरकतो तो अशाच वाक्यांच्या पुलावरून. ‘आवाज आसमंतात घुमला’ हे वाक्य ज्याने पहिल्यांदा ऐकलं, त्याला ‘चहूकडे’ असा अर्थ घ्यायचा की ‘वर आभाळात’, हे सांगणारं वाक्यात काहीच नसतं. त्यातून ‘अस्मान’ हा शब्द त्याच्या कानावर आधीपासून असतो. मग तो ‘आसमंत’ म्हणजे आभाळ असं धरून चालतो आणि पुढे स्वतः पतंगाचं वाक्य लिहितो.

पायरी ३ : कोश, पण जुन्या लेखनासह

मराठीसाठी निदान तीन कोश पाहा. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश पहिल्यांदा १८३१ मध्ये निघाला. सुधारलेली दुसरी आवृत्ती १८५७ ची, तीच वापरा. शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशांच्या संकेतस्थळावर ती शोधता येते. दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश १९३२ ते १९३८ या काळात सात विभागांत निघाला, १९५० मध्ये पुरवणी आली. उदाहरणांसाठी त्याला तोड नाही. तिसरा कृ. पां. कुलकर्णी यांचा मराठी व्युत्पत्ति कोश, १९४६ चा. शब्द यादवकाळापर्यंत मागे जात असेल तर शं. गो. तुळपुळे आणि ॲन फेल्डहाउस यांचा जुन्या मराठीचा कोश (१९९९) हाताशी हवा.

इथे नवशिके हमखास अडकतात ते लेखनावर. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे १४ नियम १९६२ मध्ये आले, १९७२ मध्ये आणखी चार. त्याआधी छापलेल्या कोशांत अनुच्चारित अनुस्वार जागच्या जागी आहेत. ‘गाव’ शोधाल तर मिळणार नाही, ‘गांव’ शोधा. ‘नाव’ला ‘नांव’, ‘भोवती’ला ‘भोंवती’. शेवटच्या इकार-उकाराचंही तसंच. आज ‘व्युत्पत्ती’ दीर्घ लिहितो, पण कुलकर्ण्यांच्या कोशाच्या नावातच ऱ्हस्व ‘ति’ आहे. आणि शेवटचं अक्षर पाय मोडून, म्हणजे हलन्त, लिहूनही पाहा. आपल्या शब्दासाठी ‘आसमंत’ नव्हे तर ‘आसमंतात्’ शोधायचं. जुन्या वळणाच्या मराठीत तो याच रूपात, क्रियाविशेषण म्हणून वावरतो.

मोल्सवर्थमध्ये शब्दापुढे कंसात एकेक रोमन अक्षर असतं, ते पाहायला विसरू नका. देवनागरीत सांगायचं तर ‘एस’ म्हणजे संस्कृत, ‘पी’ म्हणजे फारसी, ‘ए’ म्हणजे अरबी, ‘एच’ म्हणजे हिंदुस्थानी. नुसतं ‘एस’ असेल तर शब्द संस्कृतातून जसाच्या तसा घेतलेला. त्याआधी मूळ शब्द दिलेला असेल तर तो बदलत आलेला. या खुणेने पुढचा अर्धा रस्ता ठरतो. मात्र ती १८५७ सालची समजूत आहे, शेवटचा निकाल नव्हे, हेही लक्षात असू द्या.

पायरी ४ : शब्दाचे सांधे सोडवा

‘आसमंतात्’ सोडवला की असे तुकडे पडतात : आ + सम् + अन्त + आत्.

‘अन्त’ म्हणजे शेवट हे आपल्याला माहीत आहे, पण संस्कृतात त्याचा तितकाच मुख्य अर्थ कड, हद्द, सीमा असा आहे. ‘दिगंत’ म्हणजे दिशांची कड, ‘सीमांत’ म्हणजे हद्दीची कड. ‘प्रांत’ हाही मुळात कडेचाच भाग, नंतर तो अख्ख्या प्रदेशाचं नाव झाला. ‘सम्’ म्हणजे एकत्र. ज्याच्या कडा एकत्र मिळतात, म्हणजे जे चहूबाजूंनी सलग लागून आहे, ते ‘समन्त’. त्याला पंचमीचा ‘आत्’ लागला की ‘समन्तात्’, म्हणजे सर्व बाजूंनी.

संस्कृत कोशात हे तपासताना दोन गोष्टी सांभाळा. पहिली, अनुस्वार देऊ नका, ‘न्’ने जोडून ‘समन्त’ असंच लिहा. आपट्यांचा १८९० चा आणि मोनियर-विल्यम्सचा १८९९ चा कोश कोलोन विद्यापीठाच्या संकेतस्थळावर आहेत, तिथे असंच शोधावं लागतं. दुसरी, ‘आ’ सोडून ‘समन्त’पाशी जा. ‘आसमन्तात्’ म्हणून स्वतंत्र नोंद नाही मिळाली तर शब्दच नाही असं समजून परत फिरू नका.

जुन्या ग्रंथात उदाहरण शोधताना संधी आडवा येतो. गीतेच्या अकराव्या अध्यायात, तिसाव्या श्लोकात ‘समन्तात्’ आहे. पण पुढे ‘लोकान्’ आल्यामुळे ‘त्’चा ‘ल्’ होऊन तिथे ‘समन्ताल्लोकान्’ असं दिसतं. संगणकावर ‘समन्तात्’ असा शोध घेतलात तर हा श्लोक निसटतो. म्हणून शोधताना शेवटचं व्यंजन सोडून ‘समन्ता’ एवढंच टाका. सहाव्या अध्यायातल्या चोविसाव्या श्लोकातलं ‘समन्ततः’ मिळवायला त्याहून आखूड ‘समन्त’ टाकावं लागेल.

राहिला सुरुवातीचा ‘आ’. संस्कृत टीकाकारांची एक सवय इथे कामी येते. धातूआधीच्या ‘आ’ या उपसर्गाचा अर्थ सांगताना ते ‘आ समन्तात्’ असं लिहितात, म्हणजे ‘आ, अर्थात सर्व बाजूंनी’. पुराणिकांच्या आणि शास्त्रीबुवांच्या तोंडी सतत असलेली ही जोडी पुढे एकजीव झाली, असं मानायला जागा आहे. आणि खुद्द ‘आकाश’ या शब्दाचा पारंपरिक विग्रहच मुळी ‘आ समन्तात्’ने सुरू होतो : जिथे सूर्यादिक सर्व बाजूंनी प्रकाशतात ते आकाश. ‘आसमंत’चा आकाशाशी खरा संबंध आहे तो एवढाच, विग्रहापुरता.

पायरी ५ : शेपटाकडे परत या

आता पहिल्या पायरीतली ठळक खूण आठवा. संस्कृतातला पंचम्यन्त ‘आत्’ मराठीत पुष्कळ शब्दांत जिवंत आहे : अकस्मात, साक्षात, पश्चात, अर्थात. सध्याच्या नियमाप्रमाणे यांचा पाय मोडत नाहीत. शिवाय मराठीत शब्दाच्या शेवटचा ‘अ’ आपण उच्चारत नाही, त्यामुळे ‘आसमंतात्’ आणि ‘आसमंतात’ कानाला एकच.

आणि मराठीच्या सप्तमीचा प्रत्यय कोणता? ‘त’. त्याआधी सामान्यरूपाचा ‘आ’. एकांत–एकांतात, प्रांत–प्रांतात, देश–देशात. ‘धूर आसमंतात् पसरला’ या वाक्यात मुळात विभक्तीचा प्रश्नच नव्हता, ते ‘धूर चहूकडे पसरला’ असं क्रियाविशेषण होतं. ऐकणाऱ्याने ते ‘धूर एकांतात पसरला’च्या साच्यात ऐकलं आणि ‘त’ हा प्रत्यय समजून बाजूला काढला. उरलं काय? ‘आसमंत’. असं एक नवं पुल्लिंगी नाम जन्माला आलं, ज्याला आपण ‘सारा आसमंत’ म्हणतो.

मग ‘अकस्मात’मधून ‘अकस्म’ असं नाम का नाही निघालं? कारण ‘अकस्म’सारखे दिसणारे शब्द मराठीत नाहीत. ‘आसमंत’ला मात्र एकांत, प्रांत, दिगंत, वेदांत अशी अख्खी भावकी तयार होती. त्यांच्या पंगतीला तो सहज बसला. व्युत्पत्ती सांगताना ‘असं झालं’ एवढ्यावर थांबू नये, ‘याच शब्दाचं का झालं, त्याचं का नाही’ हेही विचारावं. त्या प्रश्नाला जिथे उत्तर मिळतं, ती व्युत्पत्ती भरवशाची.

पायरी ६ : ध्वनींची परीक्षा

शब्द मूळ रूपात उचलून आणलेला (तत्सम) की लोकांच्या तोंडून झिजत आलेला (तद्भव), हे ठरवायला मराठीत एक हुकमी कसोटी आहे. प्राकृतातून आलेल्या शब्दांत दोन स्वरांमधल्या ‘म’चा ‘व’ होतो : ग्राम–गाव, नाम–नाव, श्यामल–सावळा, आमलक–आवळा, कोमल–कोवळा. सीमा–शीव हेही त्यातलंच. मुंबईतलं शीव हे ठिकाण म्हणजे मुंबई बेटाची हद्द. त्यापलीकडे साष्टी बेट सुरू होत असे.

‘आसमंत’मधला ‘म’ शाबूत आहे, म्हणजे तो लोकांच्या जिभेवर झिजलेला नाही, पंडितांच्या लेखणीतून आलेला आहे. झिजला असता तर काय झालं असतं हे पाहायचं असेल तर त्याचा सख्खा नातेवाईक पाहा. ‘समन्त’ला तद्धित प्रत्यय (नामापासून नवा शब्द घडवणारा) लागून, पहिल्या स्वराची वृद्धी होऊन, म्हणजे ‘अ’चा ‘आ’ होऊन, ‘सामन्त’ होतो, शिव–शैव होतो तसा. सामन्त म्हणजे मुळात शेजारचा, हद्दीला लागून असलेला. अशोकाच्या दुसऱ्या शिलालेखाची वेगवेगळ्या ठिकाणी कोरलेली पाठं जुळवून पाहिली तर हा अर्थ दगडावरच दिसतो. यवन, म्हणजे ग्रीक, राजा अंतियोकाच्या शेजारच्या राजांना उत्तराखंडातल्या कालसीच्या खडकावर ‘सामंत’ म्हटलं आहे, आणि गुजरातेतल्या गिरनारच्या खडकावर त्याच जागी ‘समीप’चं रूप आहे. एका दगडाने दुसऱ्याचा अर्थ सांगावा असा हा पुरावा. पुढे शेजारचा राजा तो अंकित राजा झाला, आणि मराठीत ‘म’चा ‘व’ होऊन ‘सावंत’. सावंतवाडीतला सावंत आणि ‘आसमंत’ हे एकाच घरातले, एक झिजून आलेला, एक कोरा.

पायरी ७ : फारसीचा संशय फेडा

‘आसमंत हा आस्मानवरून आला’ ही समजूत इतकी पसरली आहे की ती वेगळी तपासलीच पाहिजे. तीन प्रश्न विचारा. पहिला, फारसी आस्मान मराठीत कोणत्या रूपात आला? ‘अस्मान’, ‘अस्मानी’. ‘अस्मानी-सुलतानी’ आणि ‘अस्मान दाखवणे’ हे रोजच्या बोलण्यात आहेत. शब्द एका वाटेने आलेला असताना दुसरं रूप वेगळ्या वाटेने आलं म्हणायचं तर पुरावा हवा. दुसरा, शेवटच्या ‘न’चा ‘ंत’ कोणत्या नियमाने झाला? असा बदल झालेली दुसरी चार उदाहरणं दाखवता आली पाहिजेत, ती दाखवता येत नाहीत. तिसरा, जुना अर्थ कोणता? ‘चहूबाजूंनी’. आभाळाचा अर्थ नंतरचा. उगम ठरवताना जुना अर्थ धरायचा.

‘अस्मान’चं खरं नातं सापडतं ते भलतीकडेच. फारसी आस्मान आणि संस्कृत ‘अश्मन्’, म्हणजे दगड, हे एका मुळाचे. अवेस्तेत, म्हणजे पारशांच्या प्राचीन धर्मग्रंथात, ‘अस्मन्’ हा शब्द दगड आणि आकाश या दोन्ही अर्थांनी येतो. संस्कृत ‘श’च्या जागी इराणी ‘स’ हा बदल नियमाने होतो, ‘शत’ आणि फारसी ‘सद’ पाहा. म्हणजे ‘अस्मान’ हा ‘अश्मयुग’चा भाऊबंद आहे, ‘आसमंत’चा नव्हे. सारखं ऐकू येणारं नातेवाईक असतंच असं नाही, आणि नातेवाईक सारखे ऐकू येतीलच असंही नाही. फारसी शब्दांसाठी माधव त्रिंबक पटवर्धनांचा १९२५ चा फार्शी-मराठी कोश पाहावा.

पायरी ८ : टिपण लिहा

मिळालेलं थोडक्यात आणि ठरलेल्या क्रमाने लिहा : शब्द, लिंग, अर्थ जुन्याकडून नव्याकडे, मग व्युत्पत्ती, शेवटी फेटाळलेली मतं.

आसमंत (पु.) : १. चहूबाजूंचा प्रदेश, भोवताल. २. (नवा अर्थ) आकाश. व्यु. : संस्कृत आ + समन्तात् ‘सर्व बाजूंनी’; समन्त = सम् + अन्त. अन्त्य ‘आत्’ हा मराठी सप्तमीचा समजला जाऊन ‘आसमंत’ हे नाम सिद्ध. सामंत, सावंत हे सजातीय. फारसी आस्मानशी संबंध नाही.

दुसरा अर्थ गाळू नका. लोक तो वापरतात, म्हणजे तो आहे. पण स्वतः लिहिताना आकाश म्हणायचं असेल तर आकाश किंवा आभाळ लिहावं, असं आमचं ठाम मत आहे. आभाळासाठी शब्द मुबलक आहेत. एका शब्दात ‘चहूकडून वेढून असलेलं सगळं’ सांगणारे थोडे, त्यांतला एक हातचा घालवू नये.

पुढच्या सरावासाठी

‘भोवताल’ घ्या. तो तद्भव आहे, म्हणून ‘म–व’ची कसोटी लावा : भ्रम् म्हणजे गरगर फिरणे, त्यातून भोंवणे, भोंवती. भोवरा आणि भोवळ याच कुळातले. ‘परिसर’ला परि आणि सृ (सरकणे, वाहणे) एवढं पुरे. ‘पर्यावरण’मध्ये परि + आवरण असा यण् संधी आहे, म्हणजे ‘इ’चा ‘य्’ झालेला. ‘पर्या’ नावाचा वेगळा शब्द शोधत बसू नका.

‘आजूबाजू’त ‘आजू’चा अर्थ शोधणारे पुष्कळ जण फसतात. हा अंशाभ्यस्त, म्हणजे शब्दाचा काही भागच पुन्हा आलेला, शब्द आहे, शेजारीपाजारी असतो तसा. अर्थ आहे तो ‘बाजू’ला, ‘आजू’ नुसता नादासाठी. फरक इतकाच की ‘शेजारीपाजारी’त निरर्थक भाग मागे येतो, इथे पुढे. ‘बाजू’ फारसी आहे, मूळ अर्थ दंड किंवा बाहू.

‘पंचक्रोशी’ शेवटी घ्या, कारण तिच्यात मोजमाप आहे. पाच क्रोशांचा टापू. ‘क्रोश’ क्रुश् धातूपासून, म्हणजे ओरडणे, ‘आक्रोश’मधलाच. हाक जिथवर पोचते तेवढं अंतर ते क्रोश, आणि त्याचाच झिजून ‘कोस’. कोस साधारण दोन मैलांचा धरतात, पण तो मुलखागणिक लहानमोठा होता. म्हणून टिपणात ‘पंचक्रोशी = अमुक किलोमीटर’ असं लिहू नका. ‘गावाभोवतालची खेडी’ लिहा, आणि व्युत्पत्तीत हाकेचा अर्थ आवर्जून नोंदवा.